ग्रामसभेत चर्चा होते, ठराव होत नाही. विषय नेमका मांडायचा कसा?

बांधावरचा

गाव साधारण 2,300 मतदारांचं, दोन वाड्या धरून. वर्षाच्या ग्रामसभा कागदोपत्री नियमित होतात. प्रत्यक्षात झेंडावंदन झालं की शाळेच्या पटांगणात अर्धा तास बसायचं, घरकुलाची यादी वाचायची, त्यावर आरडाओरडा, मग चहा. वरच्या आळीला येणारी पाण्याची पाइपलाइन गळते हा विषय दर वेळी निघतो, सगळे माना डोलावतात आणि पुढच्या सभेत परत तोच निघतो.

अर्ज कधी द्यायचा, ठराव कसा लिहायचा, कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) कसा मोजायचा, इतिवृत्तात (सभेच्या कामकाजाच्या लेखी नोंदीत) नोंद झाली हे कसं पाहायचं, याची माहिती एका जागी जमवू या. "लोक जागृत झाले पाहिजेत" छापाची भाषणं नकोत, ती 15 ऑगस्टला ऐकतोच.

कलमकसाई

आधी कायद्याचा सांगाडा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958, कलम 7. आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा. गावाच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद. सदस्यांची मासिक सभा वेगळी, तिथले ठराव वेगळे. लोक या दोन्हींची गल्लत करतात आणि मासिक सभेचा ठराव दाखवून "ग्रामसभेने मंजूर केलं" असं सांगून मोकळे होतात. ठरावाची नक्कल हातात आली की ती कोणत्या सभेची हे पहिल्या ओळीत बघा.

सर्वसाधारण ग्रामसभेची नोटीस 7 दिवस आधी, विशेष सभेची 4 दिवस आधी. नोटीस फलकावर लागली पाहिजे, दवंडीही दिली पाहिजे. सभेआधी महिला सभासदांची सभा घेणं बंधनकारक आहे, प्रभागांच्या सभांचीही तरतूद आहे.

कोरम : एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला कमी आकडा. मतदार 540 असतील तर 81 माणसं लागतात. 667 च्या पुढे गाव गेलं की 15 टक्के शंभराच्या वर जातात, म्हणजे तिथून पुढे गाव कितीही मोठं असो, 100 पुरतात. तुमच्या 2,300 मतदारांना 100 च लागतील.

कोरम भरला नाही तर सभा तहकूब होते. तहकूब सभेला कोरम लागत नाही. पण तिच्यात मूळ विषयपत्रिकेवरचेच विषय घेता येतात, नवा विषय नाही. बहुतेकांची गाडी नेमकी इथे अडते. पहिली सभा मुद्दाम पातळ ठेवायची, तहकूब करायची, आठवड्याने पंधरा डोकी जमवून हवं ते मंजूर करायचं. तुमचा विषय मूळ नोटिशीत नसेल तर त्या दिवशी तुम्ही कितीही ओरडा, "तहकूब सभेत नवीन विषय घेता येत नाही" हे उत्तर नियमाला धरूनच असतं.

म्हणून विषयाचा अर्ज नोटीस निघण्याआधी द्या. सभेच्या तीन आठवडे आधी दिला तर सबब उरत नाही. दोन प्रती, एकीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही. पोच दिली नाही तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा.

पाटीवरची माई

बांधावरचा, ठराव होत नाही याचं निम्मं कारण असं की ठरावाचा मजकूर सभेत कोणीच मांडत नाही. तक्रार मांडतात. ग्रामसेवक (आता पदनाम बदलून ग्रामपंचायत अधिकारी झालंय) घरी जाऊन रजिस्टरमध्ये लिहितात :

"पाणीप्रश्नावर सविस्तर चर्चा झाली. ग्रामपंचायतीने योग्य ती कार्यवाही करावी असे सर्वानुमते ठरले."

या वाक्यात काम कुठलं नाही, पैसा कुठला नाही, तारीख नाही, माणूस नाही. पुढच्या सभेत कोणाला आणि काय विचारणार?

मजकूर घरून लिहून न्या. असा :

"विषय क्र. 4. वरच्या आळीची नळवाहिनी. ठराव : जुन्या टाकीपासून मारुती मंदिरापर्यंत अंदाजे 340 मीटर लांबीची गळकी नळवाहिनी बदलण्याचे काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात पहिल्या प्राधान्याने घ्यावे. खर्च वित्त आयोगाच्या बंधित निधीतून करावा. पंचायत समितीच्या अभियंत्याकडून मोजमाप व अंदाजपत्रक 30 दिवसांत घ्यावे व ते पुढील ग्रामसभेत वाचून दाखवावे. सूचक : … अनुमोदक : …"

सूचक-अनुमोदक आधी ठरवून ठेवा, आणि दोघे एकाच भावकीचे नकोत. शक्य तर अनुमोदक खालच्या आळीतला घ्या, म्हणजे "हे वरच्या आळीचं राजकारण" म्हणायची सोय राहत नाही. कागदाच्या दोन प्रती न्या : एक वाचायला, एक सभेतच लेखनिकाच्या हातात द्यायला. समोर तयार मजकूर असला की माणूस तोच उतरवतो, नवीन शब्द जुळवण्याचा त्यालाही कंटाळा असतो.

लांबी मोजून न्या. मीटर टेप नसेल तर पाइपाच्या तुकड्यांवरून मोजा, 20 फुटी असेल तर एक तुकडा 6 मीटरचा. गळती किती ठिकाणी आहे, प्रत्येक ठिकाण कोणाच्या घरासमोर, वॉल्व्ह कुठे बसलाय, एवढं एका फुलस्केपवर नकाशासारखं काढा. सभेत तो कागद फिरला की चर्चा "गळते की नाही" वरून "कुठून सुरुवात करायची" वर येते.

हिशेबनीस

माईंनी बंधित निधी लिहिलं ते महत्त्वाचं आहे, जरा फोड करतो. 15व्या वित्त आयोगात (मुदत मार्च 2026 पर्यंत) ग्रामपंचायतीला आलेल्या अनुदानाचे 60 टक्के बंधित होते, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचे. 40 टक्के अबंधित होते. नळवाहिनी बंधितमध्ये सरळ बसते. तीच मागणी नुसती "ग्रामपंचायतीने करावी" म्हणून मांडली तर उत्तर येतं, "स्वनिधीत पैसे नाहीत." ते खरंही असतं. लहान गावात घरपट्टीची वसुली झाली तर दिवाबत्ती आणि शिपायाचा पगार निघतो.

स्वनिधीलाही बांधणी आहे : 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याण, 5 टक्के दिव्यांग. सभेत सरसकट "जमाखर्च वाचा" म्हटलं की आकड्यांची आगगाडी सुटते आणि कोणाच्या काही लक्षात राहत नाही. त्यापेक्षा तीन प्रश्न विचारा : यंदा दिव्यांगांचे 5 टक्के म्हणजे किती रुपये झाले, किती खर्च झाले, कोणाला दिले? उत्तर तीन ओळींचं असतं. ते आलं नाही तर का आलं नाही ते सगळ्यांना समजतं.

आणि वेळापत्रक. पुढच्या वर्षाचा विकास आराखडा करायची मोहीम साधारण 2 ऑक्टोबरपासून सुरू होते आणि हिवाळ्यात आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढतो. खर्चाची मागणी 2 ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या सभेतच नोंदली गेली पाहिजे. 26 जानेवारीला मांडलेली मागणी बहुधा वर्षभर पुढे ढकलली जाते, कारण तोवर यादी गोठलेली असते. आराखड्यात काम आलं का हे पोर्टलवर गावाचं नाव टाकून कोणालाही बघता येतं, लॉगिन लागत नाही.

बांधावरचा

हे वेळापत्रकाचं माहीत नव्हतं. आम्ही नेहमी जानेवारीत भांडतो.

घरकुलाच्या यादीचं काय करायचं? ती सुरू झाली की बाकी सगळं बुडतं.

पारावरचा पोपट

यादी शेवटी घ्या. यादीसाठी आलेली माणसं यादी वाचून झाली की उठतात. शेवटी ठेवली तर बसून राहतात, कोरमही टिकतो.

पाटीवरची माई

पोपटराव, सहमत नाही. यादी शेवटी ठेवली की ती अंधार पडल्यावर, घाईत, चार माणसांत वाचली जाते, आणि नाव कापलेली बाई तेव्हा चुलीपाशी असते. ज्या विषयात सगळ्यात जास्त लबाडी होते तो भर सभेत, भर उजेडात व्हायला हवा. यादी सभेच्या चार दिवस आधी फलकावर लावा. सभेत पूर्ण वाचायची नाही, फक्त हरकती घ्यायच्या. तासाभराचं काम वीस मिनिटांत होतं.

पारावरचा पोपट

फलकावर लावली तर ठीक. पण आमच्या भागात फलकाच्या काचेची किल्ली कायम "हरवलेली" असते.

खानदेशी लेक

महिला सभेबद्दल कलमकसाईंनी एका ओळीत आटोपलं. ती बहुतेक ठिकाणी रजिस्टरमध्येच होते : अंगणवाडीताईंना सांगायचं, त्यांनी घरोघर फिरून सह्या आणायच्या. खरी घ्यायची तर :

वेळ दुपारी 2 ते 4. सकाळी पाणी आणि रानातलं काम, संध्याकाळी स्वयंपाक. ग्रामसभेच्या आदल्या दिवशीच घेतली तर तिथला ठराव ताजा असतो, पण विषय नोटिशीत यायला हवा असेल तर आधी एक बैठक बचत गटाच्या मासिक मीटिंगला जोडून घ्या. बायका तिथे हप्ता भरायला येतातच, वेगळं बोलावणं लागत नाही.

जागा शाळा किंवा अंगणवाडी. देवळाच्या सभामंडपात घेऊ नका. कोण पायरी चढत नाही, कोणाला चढू देत नाहीत, कोणत्या चार दिवसांत कोण येत नाही, हे गावाला पक्कं ठाऊक असतं. सभा मंडपात ठेवली की निम्मी माणसं न बोलवताच गाळली जातात.

बसणं गोलात. ओळीत बसवलं की सासू पुढे, सून मागे आणि बोलणं फक्त पुढच्या ओळीचं.

महिला सभेचा ठराव ग्रामसभेत आपोआप येत नाही. तो विषयपत्रिकेवर वेगळा क्रमांक देऊन घ्यायला लावा आणि वाचणारी बाई आधी ठरवून ठेवा. तिने ठराव तोंडपाठ म्हणू नये, कागदावरून वाचावा. मध्येच कोणी टोकलं तर कागदावर बोट ठेवून पुन्हा तिथूनच सुरू करता येतं.

दारूबंदीचा विषय असेल तर गणित आधी समजून घ्या. परवानाधारक दुकान बंद करायचं तर 25 टक्के महिला मतदारांच्या सह्यांचं निवेदन लागतं, सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान : उभी बाटली (दुकान चालू) की आडवी बाटली (दुकान बंद). आडव्या बाटलीला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात, झालेल्या मतदानाच्या नव्हे. गावात 1,100 महिला मतदार असतील तर 551 मतं हवीत. 700 जणींनी मत दिलं आणि 540 आडवीला पडली तरी हरलात. न आलेली प्रत्येक बाई दुकानाच्या बाजूने मोजली जाते. त्यामुळे खरा जोर प्रचारापेक्षा यादी तपासण्यावर लावा : लग्न होऊन गेलेल्या, वारलेल्या, मुंबई-सुरतेला कामाला गेलेल्या यांची नावं यादीत आहेत तोवर तो आकडा फुगलेलाच राहतो. निवेदन देण्याआधी यादी दुरुस्त करून घ्या.

झाडीपट्टी

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) आहे. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा सगळ्यांना पाठ असते. तिच्यामागची रचना कोणी सांगत नाही. तिथे ग्रामसभेपासून वेगळा अभ्यास गट बसतो. त्यात कायदा वाचायचा, जाणकाराला बोलवायचं, प्रश्न विचारायचे. निर्णय मात्र घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही सर्वसहमतीने. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या सभेवर. वनहक्क कायद्याखाली 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. ही मजल त्या कंटाळवाण्या वाचनाच्या बैठकांनी गाठली आहे.

तुमच्या पाइपलाइनलाही हे लागू आहे. सभेच्या पंधरा दिवस आधी आठ-दहा जण बसा, त्यात निदान दोघे विरोधी मताचे. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला बोलवा. कोणता वॉल्व्ह किती वेळ उघडा ठेवतो, दाब कुठे पडतो, हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं, आणि ग्रामसभेत सरपंचासमोर तो बोलणार नाही.

कलमकसाई

झाडीपट्टी, अभ्यास गट मान्य. सर्वसहमती सरसकट नको. चार-पाचशे वस्तीच्या, एकमेकांना ओळखणाऱ्या गावात ती चालते. दोन-तीन हजार मतदारांच्या गावात "सर्वानुमते" म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याचं मत. तिथे हात वर करून मोजा आणि इतिवृत्तात आकडे लिहायला लावा : बाजूने 74, विरोधात 31, तटस्थ 9. विरोध करणाऱ्याला नाव नोंदवायचं असेल तर तसं मागावं. "सर्वानुमते मंजूर" लिहिलं गेलं की विरोधात बोललेला माणूस कागदावर ठरावाच्या बाजूचा होतो, आणि पुढे तक्रार करायला गेला की तोच कागद त्याच्या तोंडावर फेकला जातो.

झाडीपट्टी

मोठ्या गावाबद्दल बरोबर. म्हणूनच वाडीची सभा आधी घ्या म्हणतो. पेसा क्षेत्रात (आदिवासी भागातल्या पंचायतींचा वेगळा कायदा लागू असलेल्या गावांत) तर पाड्याला स्वतःची ग्रामसभा मागता येते, राज्याचे नियम 2014 चे आहेत.

ध्वनिक्षेपक

व्यवस्थेचं कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. पोर्टेबल स्पीकर एक, माइक दोन. एक सभापतींपुढे, दुसरा फिरता, आणि फिरता माइक गावातल्या कॉलेजच्या पोराच्या हातात. तो माइक बोलणाऱ्याच्या हातात द्यायचा नाही, तोंडासमोर धरायचा. हातात दिला की परत मिळत नाही. वेळ तीन मिनिटं, अडीचला घंटी. शाळेचीच वापरा.

बोलायचं असणाऱ्यांच्या चिठ्ठ्या सुरुवातीला गोळा करा : नाव, आळी, विषय क्रमांक. एकदा बोललेल्याची दुसरी पाळी सगळ्या चिठ्ठ्या संपल्यावर. नियम पहिल्या पाच मिनिटांत जाहीर करा, मध्येच लावला तर ज्याला थांबवलं त्याचा अपमान होतो आणि सभा तिथेच मोडते.

फळ्यावर विषय आणि ठरावाचा सारांश लिहा. शेवटच्या ओळीतून, म्हणजे तीसेक फुटांवरून वाचायचं तर अक्षर किमान दोन इंच हवं. पांढऱ्या फळ्यावर लाल मार्कर उन्हात दिसत नाही, काळा किंवा निळा घ्या.

दर्यावर्दी

कोकणातून दोन गोष्टी.

एक, गावकीची बैठक म्हणजे ग्रामसभा नव्हे. पालखीचा मान, जत्रेची वर्गणी हे गावकीत चालू दे. पण एखाद्या कुटुंबाशी बोलायचं नाही, दुकानात माल द्यायचा नाही असं तिथे ठरवलं तर 2016 चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा लागतो : तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर असले विषय आले तर तिथेच हरकत नोंदवा.

दोन, जनसुनावणी. खाण किंवा कारखाना येणार असला की 14 सप्टेंबर 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेखाली सुनावणी लागते. लोक तिला मतदान समजतात आणि घोषणा देऊन परत येतात. तिथे मतं मोजली जात नाहीत आणि कोरमही नसतो, वीस माणसांत पार पडली तरी ती झालेलीच. मोजली जातात ती नोंदवलेली हरकत आणि तिला मिळालेलं उत्तर. नोटीस किमान 30 दिवस आधी वर्तमानपत्रात येते. त्या दिवसापासून मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत बघायला मिळतो, सारांश मराठीत असायला हवा. अहवाल वाचून हरकत अशी लिहा : "पान अमुक, तक्ता अमुक. दहा किलोमीटरच्या परिघात खाडी दाखवलेली नाही. प्रत्यक्षात चार किलोमीटरवर आहे, तिथे मच्छीमारी चालते." लेखी द्या, पोच घ्या, मग माइकवर वाचा. सुनावणीचं चित्रीकरण होतं, म्हणून नाव-गाव सांगून सुरुवात करा.

आणि शेवटपर्यंत थांबा. सुनावणी संपताना इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवावं लागतं, त्यानंतर सही होते. संतापून सभात्याग केलेल्यांना हे वाचन ऐकताच येत नाही, आणि गाळलेली हरकत परत घालायची वेळ तीच असते.

पाटीवरची माई

दर्यावर्दींचा शेवटचा मुद्दा ग्रामसभेलाही लावा. सभा संपण्याआधी झालेले ठराव क्रमाने वाचून दाखवा अशी मागणी करा. आणि सुरुवातीला मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करताना दबून राहू नका, दुरुस्ती सुचवायची जागा तीच.

हजेरीच्या रजिस्टरवर शेवटच्या सहीखाली आडवी रेघ ओढून एकूण आकडा अक्षरी लिहून घ्या. रिकाम्या ओळी ठेवल्या तर रात्रीतून कोरम वाढतो.

चाळकरी

शहरवाल्यांसाठी थोडक्यात. सोसायटीची वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत, नोटीस 14 दिवस. कोरम दोन तृतीयांश किंवा 20, यातला कमी आकडा. कोरम भरला नाही तर तहकूब सभेत तोच नियम : नवा विषय नाही. महापालिकेत क्षेत्रसभांची (प्रभागातल्या छोट्या भागाच्या मतदारांच्या सभांची) तरतूद 2009 पासून कायद्यात आहे, पण ती प्रत्यक्षात शोधावी लागते. पुण्यात 2006 पासून नागरिकांनी अंदाजपत्रकात कामं सुचवायची सोय आहे. तिथे "रस्ते सुधारा" लिहिलं की अर्ज बाद. कोणता चौक, कोणत्या बाजूचा पदपथ, किती मीटर, हे लिहिलं की निदान अभियंता जागेवर येऊन बघतो.

बांधावरचा

सगळ्यांचे आभार, प्रिंट काढून ठेवतोय. एकच राहिलं : सभा झाली, ठराव वाचला, तरी रजिस्टरमध्ये नेमका काय उतरला हे बघायला मिळत नसेल तर?

कलमकसाई

आधी साधा अर्ज करा : अमुक तारखेच्या ग्रामसभेच्या इतिवृत्ताची नक्कल मिळावी. नाही मिळाली तर माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक अर्ज, एकच विषय, मजकूर 150 शब्दांच्या आत (महाराष्ट्राच्या नियमात ही मर्यादा आहे, ती ओलांडली की अर्ज परत करायला निमित्त मिळतं). "का केलं नाही" असं विचारू नका, ती माहिती होत नाही. मागायचं ते असं : "दि. … च्या ग्रामसभेची नोटीस, हजेरीची पाने आणि इतिवृत्ताची पाने यांच्या साक्षांकित प्रती." पानाला दोन रुपये. त्याच अर्जात मूळ रजिस्टर पाहण्याचीही मागणी करा, पहिल्या तासाला पैसे पडत नाहीत. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील.

रजिस्टर पाहताना पानांचे क्रमांक सलग आहेत का ते बघा. शाई मध्येच बदलली आहे का, शेवटच्या ठरावानंतर सही लगेच आहे की मध्ये जागा सोडली आहे, हेही बघा. फोटो काढायची परवानगी अर्जातच लिहून मागा.